शेवटच्या वस्तीचा डबा

सायकलच्या मागच्या पेटीत सात डबे होते. सगळे इनॅमलचे, दोन कप्प्यांचे; खालच्या मोठ्या कप्प्यात घेवड्याचं सूप, वरच्या लहान कप्प्यात आंबट साय घातलेली बटाट्याची भाजी. पुढच्या टोपलीत पावाचे सात तुकडे कापडात बांधलेले, शारोल्ता नेनीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, वेंडेल बाचींचं वर्तमानपत्र आणि एक लिंबू. इथे मोठ्या वयाच्या बाईला नेनी म्हणतात, पुरुषाला बाची. लिंबू कुणी सांगितलं होतं ते एतेल्काला आठवत नव्हतं. दोन हवा भरलेली चाकं होती, एक घंटी होती, पुढच्या चाकात मोटार होती. बॅटरीच्या जागी मात्र नुसती रिकामी खाच होती.

"शहाऐंशी पॉइंट चार," किंगा म्हणाली. तिनं थर्मामीटरची सुई सुपातून काढून कापसानं पुसली आणि आकडा लिहून घेतला. "हा वेंडेल बारोती यांचा डबा. शेवटचा, बरोबर ना, एतेल्का नेनी?"

"शेवटचा."

"आणि तिथे पोचल्यावर किती पाहिजे?" म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण बनवणाऱ्या सरकारी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मांचीनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. गेला आठवडाभर तिथे दुसरं बोलणंच नव्हतं.

"त्रेसष्ट. सगळ्या हंगेरीत तोच नियम आहे, मांची नेनी. मी केलेला नाही."

"तू केलास असं कोण म्हणतंय? ज्यानं केला त्याला एकदा जानेवारीत सायकलवर बसव, एवढंच म्हणतेय."

किंगा हसली, पण फार नाही. ती जिल्ह्याच्या कार्यालयातून आली होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. पायात शहरातले पातळ बूट होते आणि ती सारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. शेवटच्या वस्तीवर डबा थंड पोचतो अशी शंका कार्यालयाला होती. आज ती गाडीनं पुढे जाऊन तिथे थांबणार होती आणि डबा आला की पुन्हा सुई बुडवणार होती. आकडा त्रेसष्टच्या खाली आला तर फेब्रुवारीपासून गावाबाहेरच्या दोन्ही वस्त्या गाडीच्या फेरीत जाणार होत्या. गाडी आठवड्यातून तीनदा येणार, गोठवलेलं जेवण डांबरी रस्त्याच्या कडेला लोखंडी खोक्यात ठेवून जाणार. वेंडेल बाचींच्या घरापासून तो रस्ता दोन किलोमीटर होता आणि बाचींना अंगणातल्या विहिरीपर्यंत जायलाही काठी लागायची. पेच शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं कधीच सांगून ठेवलं होतं, की दुपारचं जेवण बंद झालं त्या दिवशी बाबा वृद्धाश्रमात जातील.

किंगाची गाडी फाटकाबाहेर पडली. मांचीनं एप्रनला हात पुसले.

"वेंडेलला सांगितलंस?"

"तपासायला एक मुलगी येणार, एवढं सांगितलंय. बाकीचं नाही. सांगितलं असतं तर म्हातारा आठवडाभर झोपला नसता."

"आणि तुझं काय? तुला तर इथे भांड्यांना लावणार. उबेत उभी राहशील. गुडघ्याला सुट्टी."

"हो."

"नुसतं हो काय?"

"मग काय म्हणू? नळाला गरम पाणी येतं का विचारू?"

"येतं की," मांची म्हणाली. "मंगळवारी नाही येत."

एतेल्कानं पाय टाकला आणि सायकल फाटकाबाहेर काढली. एकसष्ट वर्षांच्या उजव्या गुडघ्यानं पहिल्या वळणालाच आवाज केला.

ही सायकल तिची स्वतःची. ऑस्ट्रियात रंगकाम करणाऱ्या भाच्यानं सहा हिवाळ्यांपूर्वी तिथून आणून दिली, तेव्हा गावात अशी दुसरी नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात लोक फाटकातून बाहेर येऊन बघायचे. पाय मारला की पुढचं चाक कुणीतरी हळूच ओढल्यासारखं पळायचं. वारा समोरून असला तरी एतेल्का सरळ बसून जायची. या मैदानात चढ नाही की उतार नाही, जे काही आहे ते वाऱ्यातच आहे. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा समोरच्या वाऱ्यात दोन्ही वस्त्या केल्या आणि घरी येऊन उभ्या उभ्या कपडे धुतले, त्या दिवशी तिला वाटलं होतं की निवृत्तीपर्यंत आता काळजी नाही.

बॅटरी मात्र म्हातारी होत गेली. छोट्या पडद्यावर पाच पट्ट्या असतात. नवी होती तेव्हा घरून निघून सगळी फेरी करून परत गेलं तरी दोन उरायच्या. आता एतेल्का शेजारच्या गावातल्या आपल्या घरून नऊ किलोमीटर येईपर्यंतच तीन जायच्या, आणि थंडीत उरलेल्या दोनांवरही भरवसा नसायचा. थंडीत बॅटरी भरलेली असली तरी रिकाम्यासारखी वागते. आत ऊब आणली की तिला पुन्हा आठवतं. म्हणून एतेल्कानं तिला लोकरीची बाही विणली होती. पूर्वी मांची स्वयंपाकघरात बॅटरी लावू द्यायची. मागच्या वर्षी भिंतीवर कागद लागला, की कर्मचाऱ्यांनी स्वतःची उपकरणं इथे चार्ज करू नयेत. तेव्हापासून एतेल्का सकाळी येताना गावाच्या टोकाला मैत्रीण वेरोन्काच्या घरी बॅटरी लावून ठेवायची, गावातले पाच डबे नुसत्या पायांवर वाटायची आणि वस्त्यांकडे निघताना ती परत घ्यायची. दोन तासांत तीन-चार पट्ट्या भरायच्या. तेवढ्यात होत असे.

बॅटरी नसलेली विजेची सायकल साध्या सायकलपेक्षा वाईट. मोटारीचं ओझं तेवढं राहतं, उपयोग काही नाही. चर्चच्या कोपऱ्यावर बेर्तालान बाचींनी आपल्या जुन्या काळ्या सायकलवरून तिला गाठलं. ते सत्त्याहत्तर वर्षांचे, आणि तिला मागे टाकण्याची वेळ रोज साधायचे.

"काय गं, घोडा कुठे बांधलास?"

"चारा खातोय."

"विजेची सायकल म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास. मी सांगतोय ना तुला. स्वतःच्या दातांनी खावं."

"आणि तुमचे दात कुठे आहेत आज?"

बाचींनी तोंड मिटून घेतलं. मग म्हणाले, "लिंबू आणलंस का? हिचा घसा बसलाय."

"तुमचं होतं होय ते." तिनं टोपलीतून लिंबू दिलं. त्यांनी ते कोटाच्या खिशात टाकलं, दोनदा घंटी वाजवली आणि पुढे निघून गेले.

पाचवा डबा दिला तेव्हा ती ठरल्या वेळेवर होती. प्रत्येक घरी तिनं डबा दारातच दिला, कालचा रिकामा घेतला, पेटीचं झाकण पटकन लावलं. एरवी ती दोन मिनिटं बसायची. कुणाची बाटली उघडून द्यायची असे, कुणाचं नख कापायचं असे. आज तिनं सगळ्यांना उद्यावर टाकलं.

वेरोन्काच्या गल्लीत वळतानाच तिला जळक्या केसांचा वास आला. मग धूर दिसला. मग फाटकासमोर चार गाड्या. वेरोन्काकडे डुक्कर कापलं होतं.

जानेवारीत कुणाकडे ना कुणाकडे कापतातच. वेरोन्कानं सकाळी बॅटरी घेताना सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काय असतं. अंगणात फळ्यांवर अर्धं डुक्कर वाफाळत पडलं होतं. पुरुष सुऱ्यांना धार लावत होते, बायका परातींत आतडी धूत होत्या. मागच्या स्वयंपाकघरात मांस दळायचं यंत्र घरघरत होतं, आणि खिडकीत, लाल तिखटाच्या मोठ्या परातीशेजारी, लोकरीच्या बाहीत तिची बॅटरी उभी होती. चार्जरची वायर खाली लोंबत होती.

एतेल्का तिच्याकडे बघत राहिली.

"अगं, तो मी काढला," वेरोन्का कोपरापर्यंत माखलेले हात वर धरून म्हणाली. "मशीनला जागा नव्हती. त्या दुसऱ्या बटणावर लावलं की घरातले सगळे दिवे जातात."

"कधी काढलास?"

"तू गेलीस आणि आम्ही दळायलाच घेतलं की. का, भरली नाही? लाल दिवा तर लागला होता."

"लाल म्हणजे भरतेय, वेरोन्का. हिरवा लागला की भरली."

"आमच्या बंबाचं उलटं आहे," वेरोन्का म्हणाली. मग तिच्या तोंडावरचा रंग थोडा उतरला. "आज ती बाई येणार होती का गं? आजच?"

"आज."

"अरे देवा. थांब, आता लावते. थांब तू अर्धा तास. ए, मशीन बंद करा रे जरा!"

"आता थांबले तर सूपच निवेल."

"मग गाडीनं सोडतो. लाकी! कुठे गेला हा? याला गाडी काढायला सांगा."

"प्यायलाय तो," आतून कुणीतरी म्हणालं. "सगळेच प्यायलेत."

"तू घोटभर घे निदान," वेरोन्का म्हणाली. "बोटं बघ कशी झालीत."

"सायकल चालवायचीय. पोलीस फुंकायला लावतात."

"पोलीस तो बसलाय बघ, आतडी धुतोय."

परातीशी बसलेल्या जाड माणसानं ओला हात उचलून सलाम केला. एतेल्काला हसू आलं आणि त्याच वेळी आपल्याला किती थकवा आलाय तेही कळलं. सकाळपासून ती खुर्चीवर एकदाही टेकली नव्हती.

तिनं बॅटरी खाचेत बसवली. पडदा उजळला. दोन पट्ट्या.

आणि मग वाटे आले. डुक्कर कापलं की शेजारी, नातेवाईक, पाद्री, ज्याचं ज्याचं येणं-जाणं आहे त्याला चवीचा वाटा जातो. भाताची सॉसेजं, भाजायची सॉसेजं, चरबीचा तुकडा, बरणीत आटवलेला रस्सा. वाटा घ्यावाच लागतो. नको म्हटलं तर माझ्या डुकरात काय वाईट दिसलं ते सांग म्हणून विचारतात, आणि पुढची दोन वर्षं विचारत राहतात. वेरोन्काला आज शिवाय चुकल्यासारखं झालं होतं, त्यामुळे वाटे मोठे झाले. एक एतेल्काचा, एक शारोल्ता नेनीचा, एक वेंडेल बाचींचा. तिनं ते पिशव्यांत भरून हॅन्डलला अडकवले.

"वेंडेलला सांग, चरबी मानेकडची आहे. त्याला तीच आवडते."

"सांगते."

"एतेल्का, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"तुला कसं माहीत असणार," एतेल्का म्हणाली आणि निघाली. पिशव्या सायकलच्या तोलाला खाली ओढत होत्या.

गाव संपलं की रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना मक्याचे खुंट, त्यांच्यावर दहिवर, आणि वारा वायव्येकडून म्हणजे डाव्या गालावर. उणे पाच होतं. तिनं मोटारीच्या मदतीचा आकडा एकवर ठेवला, सगळ्यात खाली, आणि उरलेलं पायांनी भरून काढलं. असं करताना दोन गोष्टींचा मेळ बसवावा लागतो. हळू गेलं तर बॅटरी टिकते पण डबा निवतो, जोरात गेलं तर डबा गरम राहतो पण बॅटरी बसते. कुठेतरी मधे एक वेग असणार ज्यात दोन्ही जमेल. ती सहा वर्षं तो वेग शोधत होती आणि दर हिवाळ्यात तो बदलत होता.

शारोल्ता नेनीच्या वस्तीवर पोचली तेव्हा एक पट्टी गेली होती. नेनी शालीत गुंडाळून उंबऱ्यावर उभ्या होत्या. आत टेबलावर दोन कप मांडलेले दिसत होते.

"आज चहात लवंग घातलीय. ये."

"आज बसत नाही, नेनी. गोळ्या या पावाबरोबर आहेत. हा वेरोन्काचा वाटा."

"बसत नाहीस?"

"तपासणी आहे वेंडेल बाचींकडे."

"मग माझ्याकडे का नाही तपासणी?"

"तुम्ही अलीकडे राहता."

"हे बघ, अलीकडे राहणाऱ्याला कोणी विचारत नाही," शारोल्ता नेनी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण दार लावतानाचा त्यांचा हात सावकाश होता. एरवी इथे वीस मिनिटं जायची. नेनींचा आवाज दिवसभरात त्या वीस मिनिटांतच वापरला जायचा.

पुढे तीन किलोमीटर होते. पहिला डांबरी, मग वळण, मग दोन किलोमीटर कच्चा गाडीरस्ता. वळणावरचं लोखंडी खोकं तिला दिसलं. नवीनच बसवलं होतं, हिरवं, कुलपासकट. कार्यालयानं वाट बघितली नव्हती.

कच्च्या रस्त्यावर चिखल गोठून लोखंडासारखा झाला होता आणि त्यात किंगाच्या गाडीच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. सायकल एका चाकोरीतून दुसऱ्या चाकोरीत घसरत होती. शेवटची पट्टी लुकलुकली आणि विझली. मोटारीचा बारीक आवाज बंद झाला. पुढच्या चाकाला कुणीतरी मागून धरल्यासारखं झालं.

ती उतरली. हे तिला नवीन नव्हतं. बॅटरी बसली की बंद करायची, बाहीवरून तळहातांनी चोळायची, थोडी थांबायची, पुन्हा सुरू करायची. विश्रांती मिळाली की एक पट्टी परत येते. ती खरी नसते, पण काही अंतर नेते. तिनं तसं केलं. पट्टी आली. ती बसली, चाक ओढायला लागलं, एक शेत गेलं, आणि पुन्हा सगळं विझलं. पुन्हा उतरली, पुन्हा चोळली. या वेळी अर्धं शेत. तिसऱ्यांदा पडदा उजळला, तिनं पाय टाकला आणि पाय टाकतानाच तो विझला.

तिनं बॅटरीची लोकरीची बाही काढली आणि ती पेटीच्या झाकणावर, जिथे फट होती तिथे, कोंबून बसवली. झाकण लावण्याआधी हात आत घातला. स्वयंपाकघरातून निघताना त्या डब्याला बोट टेकवता आलं नव्हतं. आता पूर्ण तळवा टेकवता येत होता, आणि ठेवता येत होता.

सायकल, मोटार, मेलेली बॅटरी, पेटी, सहा रिकामे डबे, दोन वाटे. तिनं बसून चालवायचा प्रयत्न केला तर गुडघ्यात गरम सळई गेल्यासारखं झालं, म्हणून ती ढकलायला लागली. बाभळीसारखी काटेरी झाडं होती तिथे थांबून तिनं आपला वाटा एका फांदीवर उंच टांगला. परतताना घेता येईल, तोपर्यंत कोल्ह्यानं सोडला तर. वेंडेल बाचींचा मात्र टांगता आला नाही. तिनं तशी पिशवी हॅन्डलवरून काढली होती, एकदा हातात धरून बघितली, आणि परत अडकवली.

ढकलताना ती काही मोठा विचार करत नव्हती. भांडी घासताना उभं राहायला लाकडी फळी मिळेल का, की ओल्या फरशीवरच उभं राहायचं, हा एक विचार होता. दुसरा असा की वृद्धाश्रमात वेंडेल बाचींची खोली कुठल्या मजल्यावर असेल. त्यांना वरून काही बघायची सवय नाही. जन्मभर त्यांनी सगळं जमिनीवरूनच बघितलं.

अंगणात किंगाची पांढरी गाडी होती. किंगा स्वतः घरामागे विहिरीजवळ पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. या वस्तीवर फोन तिथेच लागतो. वेंडेल बाची ओसरीवर काठी टेकून वाट बघत होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"ढकलत आणलीस?"

"बसली ती."

"वाटलंच मला. तुझा प्लग मोकळा करून ठेवलाय." या घरात एकच प्लग होता, आणि रोज एतेल्का यायच्या वेळी बाची आपला रेडिओ काढून ठेवायचे, तिची परतीची बॅटरी लागावी म्हणून. "ती मुलगी चांगली आहे. तिला अक्रोड दिले, तर म्हणाली कामावर असताना खात नाही. असं कुठे असतं? आण इकडे."

त्यांनी रोजच्यासारखा पेटीतून डबा काढून घेतला. एतेल्का बुटांच्या नाड्या सोडायला ओसरीच्या बाकावर बसली. मातीचे बूट घेऊन कुणाच्या घरात जायचं नसतं, आणि नाड्या बर्फाच्या झाल्या होत्या, आणि बोटं तिची राहिली नव्हती. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ सुटेना. तिनं मान वर केली तेव्हा उघड्या दारातून आतली लोखंडी शेगडी दिसत होती. बाचींनी डब्याचे कप्पे वेगळे केले होते. भाजीचा लहान कप्पा टेबलावर होता. सुपाचा मोठा कप्पा शेगडीच्या मधोमध, जिथे लोखंड तांबूस होतं तिथे, ठेवलेला होता.

हे ते रोजच करत. सुपाला उकळी दिसल्याशिवाय ते चमचा उचलत नसत. गेली सहा वर्षं करत होते, आणि गेल्या आठवडाभरात एतेल्काला एकदाही ते आठवलं नव्हतं.

विहिरीकडे किंगा म्हणत होती, "हो, हो, संध्याकाळपर्यंत पाठवते."

"बाची" म्हणायला एतेल्कानं तोंड उघडलं. मग ती पुन्हा नाडीकडे वळली. गाठ सुटायला बराच वेळ लागला. कदाचित लागायला नको होता तेवढा.

"आलात का, नेनी," किंगा अंगणातून म्हणाली. "सॉरी, कार्यालयाचा फोन होता. कधी आलात?"

"आत्ताच."

दोघी आत गेल्या. सुपाचा कप्पा आता टेबलावर लाकडी पाटावर होता, शेजारी तीन थाळ्या मांडलेल्या. खोलीत लाकडाचा आणि घेवड्याचा वास होता. किंगानं थर्मामीटर काढला, सुई पुसली, सुपात धरली. आकडे भराभर चढले.

"एकोणऐंशी."

तिनं सुई काढली. कप्प्याच्या तळाशी लागलेलं ताजं काजळ पाटावर गोल उमटलं होतं. किंगानं ते वर्तुळ बघितलं, मग शेगडीकडे बघितलं, मग एतेल्काकडे. एतेल्का मोज्यांत उभी होती आणि एका हातानं खुर्चीची पाठ धरून होती. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

"एकोणऐंशी," किंगा पुन्हा म्हणाली, आणि लिहिलं. सही केली. पेनचं टोपण लावलं. "झालं. एक मोजमाप पुरतं."

"म्हणजे चांगलं ना?" बाचींनी विचारलं.

"चांगलं आहे, वेंडेल बाची. चांगलंच आहे."

एतेल्का खुर्चीवर बसली. पाठ टेकली. सकाळपासून पहिल्यांदा ती खरोखर बसली, आणि बसल्यावर तिचे खांदे हळूहळू खाली आले.

बाचींचा चेहरा मात्र फुलला होता. त्यांनी काठी भिंतीला लावली. "अगं, मला विचारायचं होतंस. एवढी गाडी घेऊन यायचं काही कारण नव्हतं. सहा वर्षं. बर्फ असो, चिखल असो. या बाईनं मला एकदा थंड जेवण आणलेलं मला आठवत नाही."

"हो ना."

"नाही, तुला पटलेलं दिसत नाही. तुम्ही लोक कागदावरचे." त्यांनी भाजीचा लहान कप्पा दोन्ही हातांनी उचलून किंगाच्या समोर ठेवला आणि त्याचं झाकण काढलं. "सूप मी जरा शेगडीवर ठेवलं होतं, खोटं कशाला सांगू. ते तर सूपच आहे. पण हे बघ. याला मी हातसुद्धा लावलेला नाही. हे जसं तिनं आणलं तसं आहे. यात घाल तुझी सुई."

शेगडीत एक लाकूड खाली बसलं.

"गरज नाही, बाची," किंगा म्हणाली. "एकच घ्यायचं असतं."

"घाल की. अर्धं काम करून कशाला जातेस? वर जाऊन सांग त्यांना, दोन्ही बघितलं म्हणून."

किंगानं एतेल्काकडे बघितलं. टोपण लावलेलं पेन अजून तिच्या हातात होतं. वेंडेल बाचीही एतेल्काकडे बघत होते, भुवया उंचावून, इस्त्रीच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली. आता तिचं कौतुक होईल याची ते वाट बघत होते.

"बघा," एतेल्का म्हणाली.

किंगानं सुई पुसली. भाजीच्या मधोमध उभी धरली. पडद्यावर एकवीस दिसत होते, मग चौतीस, मग पंचेचाळीस. पन्नासच्या पुढे आकडे सावकाश झाले. एक्कावन्न. त्रेपन्न. किंगानं सुई जरा खोल नेली आणि थांबली. बाची वाकून बघत होते. चष्मा नसल्यामुळे त्यांना आकडा दिसत नव्हता.

"किती?" त्यांनी विचारलं.

आकडा थोडा वेळ हलला आणि मग स्थिर झाला.

"चोपन्न पॉइंट दोन," किंगानं वाचलं.